दोन फटक्यांत संपणाऱ्या पॉइंटमध्ये बघायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १३ वर्षांची, गंगापूर रोडकडच्या एका कोर्टावर रोज खेळते, दोन हातांचा बॅकहँड, बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) भक्कम. पावसामुळे खेळ बंद होता म्हणून वडिलांनी तिला बोर्ग-मॅकेन्रो, एडबर्ग-बेकर असे जुने सामने दाखवायला घेतले. दोन-चार गेम बघून ती म्हणाली, "सर्व्हिस, एक फटका, संपलं. ह्यात बघायचं काय?" वडिलांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: तिच्या म्हणण्यात तथ्य आहे का, कोणते सामने दाखवावेत, आणि आजच्या काळात सर्व्ह-अँड-व्हॉली (सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावायचं आणि परत आलेला चेंडू टप्पा पडण्याआधीच मारायचा, ती व्हॉली) शिकवण्यात काही अर्थ आहे का. जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की दोन हातांच्या बॅकहँडमुळे व्हॉलीला अडचण येते का.

नाशिकमध्ये बरीच वर्षं मुलांना टेनिस शिकवतोय, त्या जोरावर लिहितो.

आधी मुलीची बाजू घेतो. १९९४ चा विम्बल्डनचा अंतिम सामना घ्या. सॅम्प्रासने इव्हानिसेविचला ७-६, ७-६, ६-० असं हरवलं. दोघांची सर्व्हिस अशी की समोरच्याची रॅकेट चेंडूला नीट लागली तरी नवल. त्यातले पहिले दोन सेट बघताना मला आजही जांभया येतात. रेकॉर्डबुकात तो सामना मोठा असेल, पण ज्याला ह्या खेळाची गोडी लावायची आहे त्याला तो दाखवू नये. सर्व्ह-अँड-व्हॉलीचा सामना रंगतो तो रिटर्न करणाऱ्यामुळे. समोरचा चेंडू परत आणतो, आणि तोही पुढे धावत येणाऱ्याच्या बुटांवर, तेव्हा खरी मजा सुरू होते. त्यामुळे सामना निवडताना मी आधी रिटर्नला कोण आहे ते बघतो, सर्व्हिसला कोण आहे ते नंतर.

आता बघायचं कसं. टेनिस बघताना आपले डोळे आपोआप चेंडूबरोबर इकडून तिकडे जातात. बेसलाइनच्या खेळाला ते चालून जातं. इथे मात्र चेंडू सोडून द्यायचा आणि सर्व्हिस करणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवायची. बेसलाइनपासून सर्व्हिस लाइन साधारण ५.५ मीटरवर असते आणि तिथून नेट ६.४ मीटरवर. सर्व्हिस रॅकेटवरून सुटल्यापासून पहिली व्हॉली मारेपर्यंत खेळाडूला जेमतेम सव्वा सेकंद मिळतो. एवढ्या वेळात तो नेटपर्यंत पोचूच शकत नाही. तो पोचतो सर्व्हिस लाइनच्या आसपास. म्हणजे पहिली व्हॉली ही नेटवरची व्हॉली नसतेच. कोर्टाच्या मधोमध, बहुतेक वेळा गुडघ्याच्या उंचीवर किंवा त्याहून खाली मारलेली ती व्हॉली असते. अवघड काम ते आहे. टीव्हीवर ते सोपं दिसतं, कारण ज्यांना ते जमत नव्हतं ते विम्बल्डनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकतच नव्हते.

पायांत काय बघायचं? टॉस (सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू) कोर्टाच्या आत पडतो, त्याच्या मागे शरीर झुकतं, उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर बेसलाइनच्या आत उतरतो. मग तीन-चार पावलं. आणि समोरचा रॅकेट पुढे आणणार त्या क्षणी, कुठेही पोचलेला असो, तो दोन्ही पायांवर छोटी उडी घेऊन थबकतो. हीच स्प्लिट स्टेप. ती घेतली नाही तर चेंडू उजवीकडे गेला काय आणि डावीकडे गेला काय, तुम्ही आपले सरळच धावत राहता. थबकल्यावर तिरकं पाऊल, रॅकेट समोर, मागे न नेता. आणि पहिली व्हॉली शक्यतो लाइनजवळ खोल, समोरच्याच्या कच्च्या बाजूला किंवा सरळ मधोमध. पॉइंट त्या व्हॉलीवर संपायलाच हवा असं नाही. तिच्यामागून आणखी दोन पावलं पुढे, आणि आता खरंच नेटवर येऊन दुसऱ्या व्हॉलीने काम संपवायचं. तुमची मुलगी ज्याला 'एक फटका' म्हणते त्यात एवढं घडलेलं असतं.

जुलैत कोर्टावर पाणी साचलं आणि वायपर मारून मारून मार्कर (कोर्टावरचा मदतनीस) कंटाळला की मी मुलांना शेडमध्ये बसवून एक उद्योग करायला लावतो. टॅबवर जुना सामना लावायचा, आवाज बंद करायचा आणि स्क्रीनचा वरचा अर्धा भाग वर्तमानपत्राच्या घडीने झाकायचा. कॅमेरा एका टोकाकडून असल्यामुळे खाली फक्त जवळचा खेळाडू दिसतो. तो सर्व्हिस करतो, पुढे येतो, थबकतो. लगेच सामना थांबवायचा आणि विचारायचं, रिटर्न कुठे आला असेल? पहिल्या दिवशी सगळे अंदाजपंचे बोलतात. नंतर खांदा कुठे वळलाय, वजन कोणत्या पायावर गेलंय, हे बघून मुलं बऱ्यापैकी बरोबर सांगायला लागतात. घरी करून बघा. विम्बल्डनमध्ये पिवळे चेंडू १९८६ मध्ये आले. त्याआधीच्या सामन्यात पांढरा चेंडू त्या धुरकट चित्रात नीट दिसतही नाही. ह्या उद्योगासाठी ते उलट बरंच आहे.

सामन्यांकडे येतो. सुरुवात मी एडबर्गपासून करतो. एडबर्ग आणि बेकर सलग तीन वर्षं, १९८८, १९८९ आणि १९९० मध्ये, विम्बल्डनच्या अंतिम फेरीत समोरासमोर आले. पहिला आणि तिसरा एडबर्गने जिंकला, मधला बेकरने तीन सेटमध्ये. त्यातला १९९० चा दाखवा: ६-२, ६-२, ३-६, ३-६, ६-४. पाचव्या सेटमध्ये बेकर ३-१ ने पुढे होता, तिथून एडबर्गने सामना काढला. पण स्कोअरपेक्षा त्याची सर्व्हिस बघा. बेकरच्या मानाने ती हळू आहे, आणि ते मुद्दाम आहे. तो किक सर्व्हिस करायचा: चेंडूला वरच्या दिशेने ब्रश करून भरपूर फिरकी द्यायची, म्हणजे तो टप्पा पडल्यावर उंच उसळतो. ह्यात दोन फायदे. चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून पुढे यायला आणखी एक पाऊल मिळतं. आणि एका हाताच्या बॅकहँडवाल्याला तो खांद्याच्या उंचीवर खेळावा लागतो, तिथून जोर लावणं महाकठीण. बेकर एका हाताने बॅकहँड मारायचा. सर्व्हिस म्हणजे जोरातच हवी असं आपल्याकडे मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. पालकांच्याही. त्यावर हा सामना चांगलं औषध आहे.

त्यानंतर रॅफ्टर विरुद्ध आगासी. माझ्या मते ह्या विषयावर एकच जोडी दाखवायची झाली तर हीच. १९९९, २००० आणि २००१, तिन्ही वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत ते भिडले. पहिल्यांदा आगासी सरळ जिंकला, पुढची दोन्ही वर्षं रॅफ्टर, दोन्ही वेळा पाच सेटमध्ये. २००० चा स्कोअर ७-५, ४-६, ७-५, ४-६, ६-३. आगासी हा त्या काळातला सगळ्यात घातक रिटर्नर. मागे सरकायचं नाहीच, उलट बेसलाइनच्या आत शिरून चेंडू उसळत असतानाच घ्यायचा. त्याने रॅफ्टरच्या सव्वा सेकंदातले दोन-तीन दशांश सरळ कापले जातात. आता रॅफ्टरचं काय होतं ते बघा. स्प्लिट स्टेप सर्व्हिस लाइनच्या मागेच घ्यावी लागते, पहिली व्हॉली घोट्याजवळून उचलावी लागते, कधी हाफ व्हॉलीच, म्हणजे टप्पा पडता पडता उचललेला चेंडू. तरी तो यायचं सोडत नाही, दुसऱ्या सर्व्हिसवरसुद्धा. मग आगासी एखादा रिटर्न हळू, पण खाली सोडतो, एखादा अंगावर मारतो, एखादा लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच. दर दोन गेमनंतर दोघांपैकी कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. मुलीला वही घेऊन बसवा, काय बदललं ते लिहू दे. आणि एक छोटी गोष्ट ती नक्की पकडेल: टॉस चुकला की रॅफ्टर चेंडू हातात झेलतो आणि समोरच्याला "सॉरी मेट" म्हणतो.

बोर्ग-मॅकेन्रो १९८० मी तिसऱ्या नंबरवर ठेवतो, पहिल्या नाही. सगळे त्या चौथ्या सेटच्या टायब्रेकबद्दल (सेट ६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेमबद्दल) बोलतात आणि ते रास्तच आहे. ३४ पॉइंट, मॅकेन्रोने तो १८-१६ असा घेतला, त्यात बोर्गचे पाच मॅच पॉइंट वाचवले. दोन त्याआधी त्याच सेटमध्ये वाचवलेच होते. तरी पाचवा सेट बोर्गने ८-६ असा जिंकला आणि सलग पाचवं विम्बल्डन घेतलं. पण मला त्यात भावतो तो बोर्गचा दुसराच गुण. हा मूळचा बेसलाइनचा माणूस. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने पॅरिसला लाल मातीवर फ्रेंच ओपन जिंकलं होतं, मागे उभं राहून, टॉपस्पिनवर (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देऊन). फ्रेंचचा शेवट आणि विम्बल्डनची सुरुवात ह्यांत अवघा पंधरवडा. तेवढ्यात तो हिरवळीवर येऊन पहिल्या सर्व्हिसमागे नेटकडे धावायला लागतो, आणि लाकडी रॅकेटने. त्याची व्हॉली मॅकेन्रोसारखी देखणी नाही, थोडी आखडलेलीच आहे, पण चेंडू बरोबर जागी जातो. तुमच्या बेसलाइनवाल्या मुलीला मॅकेन्रोपेक्षा बोर्गकडून जास्त शिकता येईल. मॅकेन्रो बघून मुलं फक्त नक्कल करतात, आणि तो हात जन्मजात लागतो.

मुलींचे सामने मागे पडू नयेत. नवरातिलोवाने विम्बल्डनची नऊ एकेरी विजेतेपदं ह्याच खेळावर जिंकली, पहिलं १९७८ मध्ये एव्हर्टविरुद्ध, २-६, ६-४, ७-५. एव्हर्टचा दोन हातांचा बॅकहँड आणि पासिंग शॉट (नेटवर आलेल्याच्या बाजूने काढलेला फटका) समोर असल्यामुळे हा सामना वर सांगितलेल्या कसोटीला पुरेपूर उतरतो. नोवोत्नाचा १९९३ चा ग्राफविरुद्धचा अंतिम सामना दाखवायचा की नाही हे तुम्ही ठरवा. तिसऱ्या सेटमध्ये ४-१ वर असताना तिचा हात आखडला आणि सामना गेला. नेटवर जाणाऱ्या खेळाडूला भीती वाटली की काय होतं हे त्यात उघडं दिसतं. १९९८ मध्ये तिने विम्बल्डन जिंकलंच, म्हणून दोन्ही एकत्र दाखवले तर बरं. आणि २००६ चा मोरेस्मो-हेनिन, २-६, ६-३, ६-४. पॉलिएस्टर गटिंगच्या (रॅकेटच्या तारांच्या) जमान्यातही एक बाई सर्व्हिसमागे नेटवर येऊन विम्बल्डन जिंकते, एवढंच दाखवायला तो पुरे.

मग हा खेळ गेला कुठे? "विम्बल्डनने गवत बदललं" हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. २००१ च्या स्पर्धेपासून तिथे शंभर टक्के राय गवत आहे, त्याआधी ७० टक्के राय आणि ३० टक्के फेस्क्यू असं मिश्रण होतं. बदल केला तो कोर्ट टिकावं म्हणून, पण जमीन घट्ट झाल्याने चेंडू जास्त उसळायला लागला. आता पुढचं बघा. त्याच नव्या गवतावर २००१ मध्ये १९ वर्षांच्या फेडररने सॅम्प्रासला चौथ्या फेरीत पाच सेटमध्ये हरवलं, आणि दोघेही सर्व्हिसमागे नेटवर येत होते. त्याच वर्षी अंतिम सामना इव्हानिसेविच आणि रॅफ्टरचा, पाचवा सेट ९-७, दोघेही पक्के नेटवाले. आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, ह्युइट आणि नालबांडियन अंतिम सामना खेळले, तर सर्व्हिसमागे नेटवर कुणी फिरकलंच नाही. गवत तेच होतं, बारा महिन्यांत खेळणारी माणसं बदलली.

माणसं बदलली त्यामागे गटिंग आहे. १९९७ मध्ये क्युर्टेनने लक्सिलॉनच्या पॉलिएस्टर तारा लावून फ्रेंच ओपन जिंकलं, तेव्हा जागतिक क्रमवारीत तो ६६ वा होता. मग सगळ्यांनीच ते उचललं. ह्या तारांनी पूर्ण ताकदीने मारलेला चेंडूही फिरकीमुळे नेट ओलांडला की झपकन खाली येतो. पूर्वी पासिंग शॉट जोरात मारला तर तो व्हॉली करणाऱ्याच्या छातीवर यायचा. आता तो पायाशी जातो. त्यात दोन हातांचा बॅकहँड सगळीकडे रुळला, म्हणजे एडबर्गची खांद्यापर्यंत उसळणारी किकसुद्धा आता झोडपली जाते. जुन्या आणि नव्या विम्बल्डनची चित्रं शेजारी ठेवा. पूर्वी दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनपासून नेटकडे जाणारा पट्टा उजाड झालेला दिसायचा. आता माती उघडी पडते ती फक्त बेसलाइनशी, नेटजवळ गवत लग्नाच्या लॉनसारखं हिरवंगार.

आपल्या लोकांचा ह्या खेळाशी जुना घरोबा आहे, तोही मुलांना सांगावा. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत होते. त्यांचा मुलगा रमेश कृष्णन आणि विजय अमृतराज ह्यांनी १९८७ मध्ये डेव्हिस चषकात ऑस्ट्रेलियाला सिडनीत जाऊन, त्यांच्याच हिरवळीवर हरवलं. १९९५ मध्ये पेसने दिल्लीच्या गवतावर इव्हानिसेविचला दोन सेट पिछाडीवरून हरवलं. १९९८ मध्ये न्यू हेवनला सॅम्प्रासलाही, ६-३, ६-४. पेसची सर्व्हिस काही तोफ नव्हती. त्याच्याकडे पाय होते आणि नेटवर मांजरीची नजर. पेसचा खेळ मी फक्त पहिल्या व्हॉलीसाठी दाखवतो. ती कुठे ठेवायची हे त्याच्याइतकं स्वच्छ फार थोड्यांनी दाखवलंय.

शिकवायचं का? हो, पण मुख्य खेळ म्हणून नको. १३ व्या वर्षी तिची उंची आणि सर्व्हिस अजून घडायची आहे. आज ती प्रत्येक सर्व्हिसमागे धावली तर सामने हरेल आणि एआयटीएचे (अखिल भारतीय टेनिस संघटनेचे) पॉइंट मोजणारे पालक कोचच्या मागे लागतील. हे दुखणं जुनंच आहे. सॅम्प्रासने १४ च्या सुमारास दोन हातांचा बॅकहँड सोडून एका हाताचा घेतला, तेव्हा तोही ज्युनिअर सामने हरत होता. (एडबर्ग अपवाद. त्याने १९८३ मध्ये ज्युनिअरच्या चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या. अपवादाच्या मागे लागू नये.) हत्यार म्हणून मात्र तिच्याकडे हे असलंच पाहिजे, कारण आज रिटर्नला लोक बेसलाइनच्या तीन-चार मीटर मागे उभे राहतात. अशांच्या विरुद्ध वाइड (बाजूच्या रेषेकडे जाणारी) सर्व्हिस आणि रिकाम्या कोर्टात सोपी व्हॉली, हे फुकटचे पॉइंट आहेत. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मिशा झ्वेरेवने मरेला, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या नंबरला, दिवसभर नेटवर येऊन हरवलं होतं.

सरावाला सुरुवात बिनरॅकेटची करा. ती बेसलाइनवरून सर्व्हिसची नुसती हालचाल करून पुढे येईल, तुम्ही पलीकडून चेंडू हाताने फेकण्याच्या क्षणी ती थबकेल, आणि चेंडू हाताने झेलेल, शरीराच्या पुढे. मागे झेलला की तो मोजायचा नाही. हे जमलं की रॅकेट द्या, पण पकड कॉन्टिनेंटल (हातोडा धरतो तशी), फोरहँड-बॅकहँड दोन्हीला तीच. बदलायला वेळ नसतो. मग खरी सर्व्हिस, बहुतेक वेळा मधल्या टी वर (सर्व्हिस लाइन आणि मधली रेषा मिळतात तिथे) किंवा अंगावर, कारण मधून येणाऱ्या रिटर्नला कोन मिळत नाही. आठवड्यातून एक दिवस सराव सामन्यात नियम ठेवा की ड्यूसला (४०-४० झाल्यावर) नेटवर यायचंच. दुहेरी जितकी खेळेल तितकी बरी. आणि निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की आपल्याकडे सकाळी सातला चेंडू जेमतेम उठतो. हार्ड कोर्टवर स्लाइस (बाजूने फिरकी दिलेली) सर्व्हिस करून पुढे यायला वर्षातले तेच दिवस सगळ्यात चांगले. फक्त दव पुसून घ्या, स्प्लिट स्टेप घेताना पाय घसरला तर घोटा जातो.

दोन हातांच्या बॅकहँडने अडचण येते, पण थोडी. जोरात आणि अंगाजवळ आलेली व्हॉली तिने खुशाल दोन हातांनी अडवावी. लांबची आणि पायाजवळची मात्र एकाच हाताने. डावा हात रॅकेटच्या गळ्याजवळ तयारीपुरता ठेवायचा आणि चेंडू लागण्याआधी सोडायचा. सुरुवातीला मनगट लुळं पडेल. तसं झालं तर फटका लहान करा. वेगळे व्यायाम, वजनं वगैरे ह्या वयात नको.